मैदाने भरवणारी सुझान लेंग्लेन

मुलीने खेळ हाच व्यवसाय म्हणून निवडावा काय, हा प्रश्न आता आपल्या घरांतून पूर्वीइतका दचकून विचारला जात नाही. हैदराबादच्या सानिया मिर्झाने २००३ पासून २०२३ पर्यंत वीस वर्षे टेनिस हा पेशा म्हणून खेळून दाखवला. तिने किती पैसे मिळवले याची चर्चा करताना कुणाला संकोच वाटला नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र असे नव्हते. त्या काळी टेनिस खेळून उघडपणे पैसे घेणे हे बाटणेच समजले जाई. घेणारा खेळाडू कितीही मोठा असो, त्याला विम्बल्डनसह साऱ्या नामांकित स्पर्धांचे दरवाजे कायमचे बंद होत.

फ्रान्सच्या सुझान लेंग्लेनने हे दरवाजे स्वतःच्या हाताने लावून घेतले आणि व्यावसायिक होणारी ती पहिली मोठी महिला टेनिसपटू ठरली. तिचे विजय तर मोठे आहेतच. पण जिच्या खेळामुळे मैदाने अपुरी पडू लागली, तिने त्या मिळकतीतला वाटा मागताच काय झाले, हा भाग आम्हाला अधिक विचार करण्याजोगा वाटला. म्हणून तिची हकीकत या अंकात सविस्तर देत आहोत.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील शार्ल लेंग्लेन यांच्या घराण्याचा घोड्यांच्या बसगाड्यांचा धंदा होता. तो विकून आलेल्या पैशावर कुटुंब सुखाने राहत असे. उन्हाळा पॅरिसच्या उत्तरेला काँपियेन गावाजवळ आणि हिवाळा दक्षिणेला समुद्राकाठच्या नीस शहरात, असा त्यांचा शिरस्ता होता. धाकटा भाऊ अगदी लहानपणी गेला, त्यामुळे आईवडिलांचे सारे लक्ष सुझानवर. ती प्रकृतीने नाजूक होती, तिला दम्याचा त्रास होता. मोकळ्या हवेत थोडी हालचाल झाली तर बरे, या विचाराने १९१० च्या उन्हाळ्यात वडिलांनी तिला एक रॅकेट आणून दिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

पोरीला हे खेळणे भलतेच आवडले. महिनाभरात वडिलांनी खेळण्यातली रॅकेट बाजूला ठेवून पॅरिसहून चांगली रॅकेट मागवली. रॅकेट हाती आल्यापासून काही महिन्यांतच शांतिइ येथील एका स्पर्धेत तिने दुसरा क्रमांक मिळवला. तिथून पुढे शार्ल लेंग्लेन यांनी मुलीचे टेनिस हेच आपले काम मानले.

ते स्वतः काही मोठे खेळाडू नव्हते. पण नीस आणि आसपासच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर हिवाळ्यात युरोपभरचे उत्तम टेनिसपटू येत. शार्ल त्यांचे सामने बारकाईने पाहत, कोण कोणता फटका कसा मारतो ते ध्यानात ठेवीत, आणि घरी येऊन मुलीकडून तो घोटून घेत. त्या वेळी स्त्रियांचा खेळ म्हणजे मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू संथपणे परतवणे. शार्ल यांनी तो कित्ता गिरवलाच नाही. सुझानने पुरुषांसारखे खेळायचे, पुरुषांशी सराव करायचा, जाळ्यापाशी धावत येऊन चेंडू हवेतच मारायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांनी मैदानाचे चौकोन पाडले आणि सांगितलेल्या चौकोनातच चेंडू पडला पाहिजे असा दंडक घातला. पुढे चौकोन लहान होत गेले. शेवटी मैदानावर एक रुमाल पसरून त्यावर चेंडू पाडण्याचा सराव होई, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. धावणे, दोरीवरच्या उड्या, पोहणे हेही रोजचे. नीसच्या शाळेत ती प्राचीन ग्रीक पद्धतीचे नृत्य शिकली. मैदानावर ती चेंडूमागे धावत नसून नाचत आहे असे प्रेक्षकांना वाटे, त्यात या शिक्षणाचा वाटा असावा.

आणखी एक गंमत. सुझान लहानपणी डायबोलो फार छान खेळे. दोन काड्यांना दोरी बांधायची आणि त्या दोरीवर भिंगरी नाचवायची, उडवायची, झेलायची, असा हा खेळ. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ती तो खेळू लागली की फिरायला आलेली माणसे गोळा होत. चारचौघांत न बुजता खेळण्याची सवय तिला तिथे लागली, असे तिच्या वडिलांचे मत होते.

पालकांसाठी येथे थोडे थांबतो. शार्ल यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण त्या शिकवणीला दुसरी बाजूही होती. मुलगी चांगली खेळली तर ते गृहीत धरले जाई, वाईट खेळली तर आईवडील चारचौघांत बोलत. जिंकणे हीच जिथे रोजची हजेरी झाली, तिथे हरण्याची भीती किती खोल जाते हे सुझानच्या पुढच्या आयुष्यात दिसते. सामन्याच्या आधी तिला झोप येत नसे. मोठ्या विजयानंतर ती हसण्याऐवजी रडत असे. एवढी कसलेली खेळाडू अशी का वागते हे लोकांना कळत नसे. आम्हाला ते बरेचसे कळते असे वाटते.

१९१४ च्या मे महिन्यात, पंधरावा वाढदिवस तोंडावर असताना, ती फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि मार्गरीत ब्रोकेदिस या मुरलेल्या खेळाडूकडून तीन सेटमध्ये हरली. त्यानंतर काही दिवसांतच पॅरिसजवळ सें-क्लू येथे जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा झाली. नाव हार्ड कोर्ट असले तरी मैदान मातीचेच होते. ही स्पर्धा सुझानने जिंकली. वय वर्षे पंधरा नुकतीच पूर्ण झाली होती. एवढ्या लहान वयात एवढी मोठी स्पर्धा टेनिसमध्ये दुसऱ्या कुणीही जिंकलेली नाही.

आता विम्बल्डन, असे सगळे म्हणत असतानाच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि स्पर्धा थांबल्या. रिव्हिएरावर ज्याच्या बरोबरीने ती मिश्र दुहेरी खेळली होती तो न्यूझीलंडचा अँथनी विल्डिंग, चार वेळचा विम्बल्डन विजेता, १९१५ मध्ये आघाडीवर मारला गेला. सुझान नीसमध्ये राहिली आणि वडिलांच्या देखरेखीखाली सराव करीत राहिली. पंधरापासून वीसपर्यंतची पाच वर्षे अशी स्पर्धेविना गेली. दुसरी एखादी असती तर विसरली गेली असती.

१९१९ मध्ये विम्बल्डन पुन्हा सुरू झाले. हिरवळीवर सुझान प्रथमच खेळत होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे आधीच्या विजेतीने फक्त शेवटचा सामना खेळायचा असे. १९१४ च्या विजेत्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांनी तोपर्यंत सात वेळा विम्बल्डन जिंकले होते. त्यांचे वय चाळीस, सुझानचे वीस. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला आले होते. चेंबर्सबाई पायघोळ झग्यात आणि मनगटापर्यंतच्या बाह्यांत उतरल्या. सुझानचा झगा पोटरीपर्यंतच, हात कोपरापासून उघडे आणि आत कमरेला आवळणारे कॉर्सेट नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी नाके मुरडली. पण कंबर आवळून आणि पायांत घोळ अडकवून चेंडूमागे धावता येत नाही, ही साधी गोष्ट तिने कपड्यांतूनच सांगितली होती. दोनचार वर्षांत इतर मुलीही तसेच कपडे घालू लागल्या. पुढे तिचे कपडे पॅरिसचा नामवंत शिंपी झां पातू शिवत असे, आणि कपाळावर बांधलेली रेशमी पट्टी ही तिची खूण ठरली.

तो सामना मात्र चेंबर्सबाईंनी जवळजवळ खिशात घातला होता. पहिला सेट सुझानने १०-८ असा घेतला, दुसरा बाईंनी ६-४ असा. तिसऱ्यात ४-१ अशी आघाडी घेतलेली सुझान दमली आणि बाई ६-५, ४०-१५ अशा पुढे गेल्या. म्हणजे दोन मॅच पॉईंट. मध्यंतरी वडिलांनी प्रेक्षकांतून ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे फेकले आणि सुझानने ते चघळले. शाळेच्या पत्रकात हे लिहावे की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. पण घडले ते घडले, आणि त्याचे अनुकरण कुणी करणार नाही असा भरवसा आहे. पहिला मॅच पॉईंट सुझानने कसा वाचवला ते ऐका. चेंडू रॅकेटच्या तातींना लागलाच नाही, लाकडी चौकटीला लागला आणि कसाबसा जाळ्यापलीकडे जाऊन पडला. दुसराही तिने वाचवला आणि शेवटचा सेट ९-७ असा जिंकला. तीन सेटांत मिळून ४४ गेम झाले. विम्बल्डनच्या महिला एकेरीत याहून लांब अंतिम सामना १९७० पर्यंत झाला नाही.

पुढची वर्षे भराभर सांगता येतील, कारण त्यांत विजयांखेरीज फारसे काही नाही. १९२० मध्ये तिने चेंबर्सबाईंना ६-३, ६-० असे हरवले. त्या वर्षी एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी ही तिन्ही विजेतेपदे तिचीच. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्ण, मॅक्स देक्युजिसबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणि महिला दुहेरीचे कांस्य. ऑलिंपिकच्या एकेरीत तिने सगळ्या सामन्यांत मिळून फक्त चार गेम गमावले. विम्बल्डन एकेरी ती १९१९ ते १९२३ आणि १९२५ अशी सहा वेळा जिंकली. दुहेरीतही सहाच वेळा, अमेरिकन एलिझाबेथ रायनबरोबर.

या मालिकेत एकच खिंडार पडले, १९२१ मध्ये. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच प्रदेशासाठी निधी जमवायला ती अमेरिकेला गेली. वडील आजारी असल्याने बरोबर नव्हते, आई होती. बोटीच्या प्रवासात सुझान आजारी पडली आणि पोहोचल्यावर पुरेशी विश्रांती मिळाली नाही. त्या काळी मानांकनाची पद्धत नसल्याने फॉरेस्ट हिल्सच्या अमेरिकन स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत तिची गाठ मॉला मॅलरीशी पडली. मॅलरी मूळची नॉर्वेची, अमेरिकेची विजेती. सुझानने पहिला सेट २-६ असा गमावला आणि दुसरा सुरू होताच खोकत, रडत ती मैदान सोडून गेली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आजाराचे सोंग केले असेही वर्तमानपत्रांनी लिहिले. हौशी खेळाडू म्हणून युद्धानंतरच्या साऱ्या कारकिर्दीत एकेरीतली तिची ही एवढीच हार. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात मॅलरी पुन्हा समोर आली. सुझानने ६-२, ६-० असा निकाल लावला. सामना २६ मिनिटांत संपला.

हा १९२२ चा सामना नव्या मैदानावर झाला. वर्पल रोडची विम्बल्डनची जुनी जागा गर्दीला पुरेनाशी झाली होती, म्हणून स्पर्धा चर्च रोडवरच्या आजच्या जागी हलवली. ही गर्दी वाढण्याचे मोठे कारण सुझान लेंग्लेन होती हे टेनिसचे सगळेच इतिहासकार मान्य करतात. तिचा सामना असला की सकाळपासून तिकिटासाठी लांबच लांब रांग लागे. स्त्रियांचा सामना पाहायला पुरुषांच्या सामन्याहून अधिक लोक येतात, हे त्याआधी टेनिसमध्ये कुणी पाहिले नव्हते.

याच नव्या विम्बल्डनवर १९३४ मध्ये लीला राव ही भारताची मुलगी एक सामना जिंकली. विम्बल्डनमध्ये विजय मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिची आई म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. ज्यांनी तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत काव्यात लिहिली त्याच या. त्या स्वतःही टेनिस खेळत. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे तुकोबांच्या गाथेचे संपादक. गाथेच्या घरातून दोन पिढ्यांत विम्बल्डनपर्यंत वाट गेली ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवले नाही. आता मूळ विषयाकडे वळतो.

१९२४ मध्ये काविळीमुळे सुझानला विम्बल्डन अर्ध्यावर सोडावे लागले. १९२५ मध्ये ती परतली आणि एकेरीच्या पाच सामन्यांत मिळून तिने फक्त पाच गेम दिले. याच सुमारास अमेरिकेत हेलन विल्स नावाची, चित्रकला शिकणारी, एक शांत मुलगी पुढे आली होती. १९२३ पासून सलग तीन वर्षे ती अमेरिकेची विजेती होती आणि १९२४ चे ऑलिंपिक सुवर्णही तिचेच. १६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान शहरातल्या कार्लटन क्लबवर या दोघींचा सामना ठरला. स्पर्धा तशी किरकोळ होती, पण अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दुसरा विषय नव्हता. प्रेक्षकांसाठी घाईने लाकडी सज्जे उभारले गेले. तिकिटांचे भाव आकाशाला भिडले. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते शेजारच्या छपरांवर आणि झाडांवर चढून बसले.

पहिला सेट सुझानने ६-३ असा घेतला. दुसऱ्यात विल्सने तिला दमवले. ६-५, ४०-१५ अशा मॅच पॉईंटवर विल्सचा फटका रेषेपाशी पडला, चेंडू बाहेर गेल्याची आरोळी आली, दोघींनी हस्तांदोलन केले, फुले आली, माणसे मैदानात शिरली. इतक्यात रेषापंच वाट काढत पंचापाशी आला आणि म्हणाला की आरोळी त्याची नव्हती, प्रेक्षकांतल्या कुणाची तरी होती. चेंडू आत पडला होता. जिंकलेला सामना पुन्हा खेळायचा म्हणजे काय, याची कल्पना विद्यार्थ्यांनी करून पाहावी. विल्सने तो गेम घेऊन ६-६ अशी बरोबरी केली. सुझान पडण्याच्या बेतात होती. तरी तिने पुढचे दोन गेम घेतले आणि सेट ८-६ असा संपवला. त्यानंतर ती बाकावर बसून हमसून रडली. एकेरीत या दोघी पुन्हा कधीही समोरासमोर आल्या नाहीत. त्या वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या वेळी विल्सला अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि नंतर सुझान हौशी राहिली नाही.

हौशी या शब्दाचा अर्थ येथे सांगायला हवा. त्या काळच्या नियमांप्रमाणे मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूच खेळू शकत. विजेत्याला चषक मिळे, बक्षिसाची रक्कम नसे. स्पर्धेत उतरण्यासाठी खेळाडूनेच प्रवेशशुल्क भरायचे. तिकिटांचे पैसे क्लबांना आणि संघटनांना जात. प्रत्यक्षात मोठ्या खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली किंवा हॉटेलच्या पाहुणचाराच्या रूपाने काहीबाही आतून दिले जाई. ते सर्वांना ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे. उघड घेतले तर पाप, झाकून घेतले तर चालते, असा हा कारभार. ज्याच्या घरी खायलाप्यायला भरपूर, त्याला हौशी राहणे सोपे. लेंग्लेन कुटुंबाचीही जुनी मिळकत आता आटत चालली होती.

त्यातच १९२६ चे विम्बल्डन आले, पन्नाशीचे. एके दिवशी सुझानचा दुहेरीचा सामना होता आणि त्याच्या आधी एकेरीचाही ठेवला गेला. त्याचा निरोप तिच्यापर्यंत नीट पोहोचला नाही. ती आली तोवर राणी मेरी बराच वेळ वाट पाहत बसून होत्या. सुझानवर बोल आला, ती कोसळली आणि त्या दिवशी खेळलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने राणीचा अपमान केला अशी हाकाटी सुरू झाली. दुहेरीत तर, फ्रेंच संघटनेने रायनऐवजी फ्रेंच जोडीदार घ्यायला लावल्यामुळे, ती रायनच्याच विरुद्ध खेळून हरली होती. सात वर्षे जिच्यासाठी रांगा लागल्या तिची आता प्रेक्षकांनी चेष्टा केली. सुझानने स्पर्धेतून माघार घेतली. विम्बल्डनच्या मैदानावर ती पुन्हा खेळली नाही.

काही आठवड्यांतच तिने अमेरिकन व्यवस्थापक सी. सी. पाइल यांच्या करारावर सही केली. मोबदला पन्नास हजार डॉलर. पाइल यांनी त्याआधी फुटबॉलपटू रेड ग्रेंजला घेऊन असेच दौरे केले होते. कराराची बातमी फुटताच फ्रेंच संघटनेने तिला काढून टाकले आणि विम्बल्डनच्या क्लबाने तिचे सन्माननीय सदस्यत्व रद्द केले. तिने आपली बाजू लपवली नाही. बारा वर्षे ती अव्वल खेळली. तेवढ्यात तिच्या खेळावर इतरांनी लाखो फ्रँक मिळवले आणि तिने स्वतः मात्र प्रवेशशुल्क भरले. टेनिससाठी तिने जितके कष्ट घेतले तितके कुणी कुठल्याही धंद्यात घेतले नसतील. मग या कामाचा मेहनताना का नको, आणि हा खेळ फक्त पैसेवाल्यांसाठीच राहायचा काय, असे तिचे म्हणणे होते. यात चूक काय आहे ते आम्हाला अजून सापडलेले नाही.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे तेरा हजार प्रेक्षकांपुढे दौरा सुरू झाला. समोर मेरी ब्राऊन, तीन वेळची माजी अमेरिकन विजेती. अमेरिका आणि कॅनडा, गावोगाव, १९२७ च्या फेब्रुवारीपर्यंत दौरा चालला. दोघींचे ३८ सामने झाले आणि ३८ ही सुझानने जिंकले. खेळ म्हणून यात चुरस नव्हती हे मान्य केले पाहिजे. तोलामोलाचे प्रतिस्पर्धी सारे कुंपणाच्या आत होते, ती एकटी बाहेर. दौरा संपल्यावर पाइल यांनी टेनिसकडे पाठ फिरवली. तिने नंतर इंग्लंडमध्ये थोडे सामने खेळले आणि मग तिचे स्पर्धात्मक खेळणे थांबलेच. अजून तिशी यायची होती.

१९२९ मध्ये वडील वारले. पॅरिसमध्ये तिने खेळाच्या कपड्यांच्या दुकानात काम केले, आणि मग ती शिकवू लागली. १९३० नंतरच्या दशकात तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली. १९३६ मध्ये फ्रेंच टेनिस संघटनेनेच त्या शाळेला मान्यता दिली. दहा वर्षांपूर्वी जिला काढून टाकले तिच्याच हाती मुले सोपवली गेली. तिने टेनिसवर पुस्तके लिहिली होती आणि एक कादंबरीसुद्धा. १९३७ मध्ये नृत्य आणि व्यायाम शिकवणाऱ्या मार्गारेट मॉरिस यांच्यासह तिने साध्या व्यायामांतून टेनिस शिकण्याविषयी पुस्तक काढले. त्यात अचूकपणाच्या चौकोनांचे शिक्षण आणि ग्रीक नृत्याचे शिक्षण पुन्हा एकत्र आलेले दिसते.

२ जुलै १९३८ रोजी हेलन विल्सने विम्बल्डन आठव्यांदा जिंकले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ जुलैला, रक्ताच्या आजाराने सुझानचे पॅरिसमध्ये निधन झाले. वय एकोणचाळीस. पॅरिसजवळच्या सें-तुआँ स्मशानभूमीत तिचे दफन झाले.

हौशी आणि व्यावसायिक यांच्यातले कुंपण १९६८ मध्ये पडले. त्या वर्षीच्या विम्बल्डनमध्ये प्रथमच रोख बक्षीस दिले गेले. पुरुषांच्या विजेत्याला दोन हजार पौंड आणि महिलांच्या विजेतीला, म्हणजे बिली जीन किंगला, साडेसातशे. दोघांची रक्कम सारखी व्हायला २००७ साल उजाडावे लागले.

पॅरिसच्या रोलां गारोस संकुलातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे मैदान १९९७ पासून सुझान लेंग्लेनच्या नावाने ओळखले जाते. रोलां गारोस हे नाव एका वैमानिकाचे, टेनिसपटूचे नव्हे. हे संकुल १९२८ मध्ये बांधले, तोवर सुझान हौशी स्पर्धांच्या बाहेर गेली होती. त्यामुळे फ्रेंच अजिंक्यपदाचा एकही सामना ती तिथे खेळली नाही. मात्र १९७९ पासून फ्रेंच स्पर्धेच्या महिला विजेतीला दिला जाणारा चषक तिच्याच नावाचा आहे. नीस शहराने एकेकाळी सुझानला एक चषक भेट दिला होता, त्याच्याच घडणीवरून हा बनवलेला आहे. जूनमध्ये दूरदर्शन संचावर पारितोषिक समारंभ लागला तर विद्यार्थ्यांनी तो नीट पाहून ठेवावा.